बसायला कुणी तयार नाही

त्या मीटिंगला मी खरं तर चहासाठी गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे काही झालं त्यामागे माझा काही थोर उद्देश होता असं कुणाला वाटायला नको. चर्चच्या मागच्या खोलीत अधूनमधून मीटिंग असते, तिथे चहा चांगला मिळतो, आणि मी भिंतीलगतची खुर्ची धरून मान हलवत बसतो. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पाणीपुरवठा ऑफिसातल्या तक्रार खिडकीवर माझी उभी हयात गेली. दिवसभर लोक ओरडतात, मी मान हलवतो, आणि त्याचाच मला पगार मिळतो.

पण त्या दिवशी फादर चहाच्या आधीच उभे राहिले. म्हणाले, "बिशप येतायत. सगळी लहान चर्चं चालवायला फादर पुरत नाहीत आता. जिथे लोक नुसते येतात आणि जातात, तिथली मिस्सा बंद करून ती माणसं हायवेपलीकडच्या मोठ्या चर्चला जोडायची असं ठरतंय. बिशप म्हणाले, एका रविवारी येऊन बघतो, तुमचे लोक काही भाग घेतात का."

आमचे लोक भाग घेतात का, याचं उत्तर सगळ्यांनाच तोंडपाठ होतं. आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकांचं पॉलिश पार उडालंय आणि पहिली बाकं अजून सुताराकडून कालच आल्यासारखी चकाकतात. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, सुरू झाली की माणसं यायला लागतात आणि शेवटचं गाणं सुरू झालं की स्कूटर काढायला पळतात. प्रार्थनेला उत्तर द्यायचं तर ओठ आमचे हलतात, आवाज फादरांचा येतो. वाचन फादर करतात, गाणं फादर म्हणतात, घंटा फादर वाजवतात. एकदा तर स्वतःच्याच प्रवचनात स्वतःच विनोद करून स्वतःच हसताना मी त्यांना पाहिलंय. दुसरं कोण हसणार?

मला मात्र एकदम आई आठवली. आमचं घर चर्चच्या समोरच्या गल्लीत. आई रोज सकाळी काठी टेकत मिस्सेला जाते. वाटेत औषधाच्या दुकानाच्या पायरीवर दम खाते, तिथल्या बाईशी चार शब्द बोलते, आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसते. बाबा गेल्यापासून तिचं घराबाहेरचं जग ते एवढंच. हायवेपलीकडच्या चर्चला जायचं म्हणजे दोन बस आणि एक पादचारी पूल. त्या पुलाच्या पायऱ्या मलाही झेपत नाहीत, तिथे आईच्या गुडघ्यांचं काय घेऊन बसलात!

त्या काळजीत माझं तोंड उघडलं. "लोकांना कुणी विचारतच नाही हो. विचारलं तर येतील की!"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग कुणीतरी टाळी वाजवली. सुटकेची टाळी होती ती, आपल्यावरचं संकट दुसऱ्यावर गेलं की वाजते तशी. चहा येईपर्यंत मी 'सहभाग प्रमुख' झालेलो होतो. चहा गार होता.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही? तुम्ही लोकांना कामाला लावणार? घरात टेबलावरची ताटली उचलून बेसिनमध्ये ठेवायला तुम्हाला किती वेळा सांगावं लागतं?"

"हा वेगळा विषय आहे," मी म्हणालो.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "होईल ना रे?" एवढंच विचारलं तिनं. मग आपल्या खोलीकडे वळता वळता म्हणाली, "मी तिकडे नाही जाणार हं. पूल चढून देवाकडे जायचं म्हणजे थेट वरच जाईन मी. त्यापेक्षा घरीच बसेन."

ती हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही. आई घरी बसली तर काय होईल ते मला दिसत होतं. ती खिडकीशी बसेल, आणि बंद चर्चकडे बघत राहील.

तर मी कामाला लागलो. सुरुवात सूचनाफलकापासून करावी असं ठरवलं. सरकारी माणूस आहे मी, कागद लागल्याशिवाय मला काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. पण फलकाला काचेचं दार आणि दाराला कुलूप. किल्ली मागितली तर कळलं की फलकावर काहीही लावायचं तर फलक उपसमितीची मंजुरी लागते. उपसमिती कुठे आहे? तर तिचे एक सभासद देवाघरी गेलेले आणि दुसरे मुलीकडे राहायला गेलेले. मग नवी उपसमिती नेमा! नेमता येईल, पण त्यासाठी सभा घ्यावी लागेल, आणि सभेची सूचना आधी फलकावर लावावी लागेल. मी तक्रार खिडकीच्या आतला माणूस. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फलकावर अजूनही कुठल्याशा जुन्या सहलीची सूचना आहे, आणि ज्यांनी नावं दिली नसतील त्यांनी त्वरित द्यावीत असं ती आजही बजावते आहे.

मग घरोघर जायचं ठरवलं. पहिले आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. मी विषय काढायचा अवकाश, त्यांनी मला बसवून लोकांच्या उदासीनतेवर असं काही भाषण दिलं की मला वाटलं, सापडला आपला माणूस! समाज कसा झोपलाय, जबाबदारी कशी कुणाला नको, सगळ्यांना नुसतं फुकटचं हवं, वगैरे वगैरे. भाषण संपल्यावर मी म्हणालो, "मग सर, रविवारी वाचन तुम्ही कराल?"

"मी?" हेडमास्तर दचकले. "अहो, मला कुठे वेळ आहे?"

निवृत्त माणसाइतका कामात बुडालेला माणूस जगात नाही.

पुढचं घर ब्युटी पार्लरवाल्या बाईंचं. वेदीवरची फुलं त्या छान करतील असं मला वाटलं होतं. त्या एका गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावत होत्या. म्हणाल्या, "करीन की! नाही कशाला म्हणू? पण वायरमन असेल तर मी नाही. त्यानं माझं दुकानातलं फिटिंग कसं केलंय बघा." वर बघितलं. दिवा खरंच तिरका होता. वायरमनकडे गेलो, तर तो म्हणाला, "काका, माईकचं काम मी करतो, पण गाण्याला कोण आहे? ते नसेल तर माईक कशाला?" गाण्यासाठी कंपाउंडरला गाठलं, जो तरुणपणी लग्नांतून गायचा. तो दवाखान्यात गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "आवाज गेला हो आता. तुम्ही असं करा, हेडमास्तरांना विचारा. त्यांचा आवाज खणखणीत आहे."

म्हणजे सगळी वाट चालून मी पुन्हा आमच्याच जिन्याखाली येऊन पोचलो. सल्ला मात्र प्रत्येक घरात भरपूर मिळाला. तरुणांना घ्या, म्हाताऱ्यांना घ्या, बायकांना घ्या, प्रवचन लहान करा, पंखे मोठे करा. चहाही मिळाला. इतका चहा प्यायलो की छातीत जळजळ होऊन त्याच कंपाउंडरकडून गोळी घ्यावी लागली.

"एकही माणूस नाही मिळाला," मी घरी येऊन खुर्चीत पडलो.

"मग तुम्हीच करा," बायको म्हणाली.

ती टोमणा म्हणून बोलली होती. पण मला पटलं. आपण करून दाखवावं, लोक आपोआप मागे येतील, असा मी उदात्त विचार केला. आता हे नीट ऐका, कारण इथे माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. मी मनापासून केलं. आरशासमोर उभं राहून वाचनाची तालीम केली. फुलवाल्याकडून फुलं निवडून आणली. माईकच्या तीन बटणांपैकी कुठलं कशाचं ते विचारून घेतलं. मुद्दाम काहीही केलं नाही. लोक काय वाटेल ते बोलतात!

रविवारी मी वाचायला उभा राहिलो. दोन ओळी ठीक गेल्या. तिसऱ्या ओळीत नबुखद्नेस्सर राजा आला. मी त्याला समोरून गाठायचा प्रयत्न केला, बाजूनं केला, तुकडे करूनही पाहिला. राजा काही माझ्या हाती लागला नाही. शेवटी मी "तो राजा" म्हणून पुढे सरकलो, तर पुढच्या ओळीत तो पुन्हा हजर. तेवढ्यात माईकनं अशी शिट्टी मारली की मागच्या बाकावर पेंगणारे गृहस्थ ताडकन उभे राहिले, आणि ते उभे राहिले म्हणून त्यांच्या रांगेतले सगळेच उभे राहिले. प्रवचन सुरू असताना माझा पुष्पगुच्छ हळूहळू वाकायला लागला. चर्चमध्ये त्या दिवशी प्रवचन कुणी ऐकलं नाही, सगळे फुलदाणीकडे श्वास रोखून बघत होते. ती पडली, पाणी फादरांच्या ग्रंथावर सांडलं, आणि एवढं कमी होतं म्हणून शेवटचं गाणं मीच धरलं. वरच्या पट्टीत धरलं. खाली उतरायला जागाच सापडेना.

गंमत म्हणजे त्या दिवशी शेवटच्या गाण्याला स्कूटर काढायला कुणी गेलं नाही. सगळे जागच्या जागी खिळून बसले होते.

मिस्सा संपली आणि हेडमास्तर तरातरा पुढे आले. "अहो, काय वाचलंत हे? चाळीस वर्षं पोरांना शुद्ध वाचायला शिकवलं, ते काय म्हातारपणी हे ऐकायला?"

"मग सर, कोण वाचणार? कुणी तयार नाही."

"तुम्ही मात्र वाचू नका! मी वाचतो!"

तोवर पार्लरवाल्या बाई वेदीपाशी पोचल्या होत्या. "सरका तुम्ही," म्हणत त्यांनी माझ्या हातातून फुलदाणी घेतली. "फुलं आहेत का पालेभाजी? आणि तो दिवा कुणी असा लावलाय तोंडावर?" वायरमन माईकशी उकिडवा बसून वायर तपासत होता आणि माझ्या सात पिढ्यांविषयी पुटपुटत होता. कंपाउंडरनं तर मला बाजूला घेऊन दोन्ही हात धरले. "काका, मी गातो. दर रविवारी गातो. पण तुम्ही पुन्हा गाऊ नका, माझी शपथ आहे तुम्हाला."

मला वाईट वाटलं. का वाटू नये? माणूस मनापासून काही करतो आणि लोक त्याच्या हातातून एकेक वस्तू काढून घेतात! पण फादरांचे डोळे चमकत होते. आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे चर्चच्या मंडळींची, नाडी त्यांना सापडली होती. आमच्याकडे काम करायला कुणी तयार नसतं, पण दुसऱ्यानं केलेलं काम कुणाला बघवत नाही. पुढच्याच आठवड्यात ते मला मधाळ आवाजात म्हणाले, "घंटा तुम्ही वाजवाल का?" मी वाजवली. लोकांना वाटलं कुणीतरी गेलं, आणि अर्धी गल्ली धावत आली. त्या संध्याकाळी घंटेला स्वतंत्र मंडळी मिळाली. मग फादरांनी मला दारात स्वागताला उभं केलं. मी एका बाईंना त्यांच्या दिवंगत नवऱ्याची खुशाली विचारली. स्वागतालाही मंडळी मिळाली. मग चहाला. साखरेऐवजी काय पडलं ते सांगत नाही.

आणि एकदा सुरू झालं ते थांबेना. हेडमास्तरांनी वाचकांचा वर्गच काढला, उच्चार चुकला की लोकांना उभं करायला लागले. गायनवृंद वरच्या सज्जात मावेना. पार्लरवाल्या बाईंच्या फुलांत खोट काढणाऱ्या दोघीतिघी निघाल्या, मग त्यांनी प्रवेशद्वाराच्या फुलांची वेगळी आघाडी उघडली. पूर्वी जो माणूस कधी प्रवचनाच्या आधी आला नव्हता, तो आता दारात उभा राहून उशिरा येणाऱ्यांना घड्याळ दाखवायला लागला. मी ऑफिसात छाती काढून बसायला लागलो. आई घरी आली की रोज काहीतरी सांगायची. आज फुलं अशी होती, आज गाणं असं झालं. मग थांबून विचारायची, "आता नाही ना रे बंद करणार?"

"नाही गं आई," मी ठामपणे सांगायचो.

बिशपांचा रविवार उजाडला. घंटा दणक्यात वाजली. दारात स्वागताची फौज, बाहेर गाड्या लावून देणारी फौज, मागच्या खोलीत चहाची फौज. बिशप आले, हसले, सगळं निरखत मिरवणुकीनं आत निघाले. पुढे क्रूस घेणारे, मेणबत्त्या घेणारे, ग्रंथ घेणारे. मी अभिमानानं आत पाहिलं.

बाकं रिकामी होती.

सगळी. दोन्ही बाजूंची. अख्ख्या चर्चमध्ये एकटी आई तिसऱ्या बाकावर काठी मांडीवर घेऊन बसली होती. आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आमची माणसं आहेत तरी किती! जो तो कामाला लागला होता. बसायला उरलं होतं कोण?

मी जिना चढून सज्जात धावलो. "अरे, थोडे जण खाली येऊन बसा!"

"खाली?" कंपाउंडर दबक्या आवाजात गरजला. "आज? चार आवाजांत बसवलंय गाणं. एक जण हलणार नाही!"

मागच्या खोलीत पळालो. "बायांनो, चला, बसायला चला." तिथे माझी बायकोच पातेल्यापाशी उभी. "दूध उतू गेलं म्हणजे? तुम्ही बघाल का? नको, तुम्ही नकाच बघू." दारापाशी आलो. दारातला घड्याळवाला म्हणाला, "मी बसलो तर उशिरा येणाऱ्यांना कोण बोलणार?" "अरे, सगळे आलेत! उशिरा यायला कुणी शिल्लकच नाही!" तर म्हणे, "सांगता येत नाही." आधी ज्यांना हात धरून उठवता येत नव्हतं, त्यांतला एकही आता पाय धरले तरी बसायला तयार नव्हता. पार्लरवाल्या बाई खांबाआडून फुलांवर पाणी मारत होत्या. त्यांच्याकडे तर मी गेलोच नाही.

तोवर बिशप वेदीपाशी पोचले होते. त्यांनी वळून समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फादरांचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं, मी मनात म्हणालो. आता तो पूल, त्या पायऱ्या, आणि खिडकीशी बसलेली आई. हे सगळं माझ्या हातानं झालं. मी जवळचा खांब धरला.

बिशप तीन पायऱ्या उतरून खाली आले आणि थेट आईपाशी जाऊन उभे राहिले. "आजी, बाकीचे लोक कुठे आहेत हो?"

आई उठायला लागली, तर त्यांनी तिला हातानं बसवलं.

"सगळे कामात आहेत," आई म्हणाली. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती मोठ्यानं बोलते, आणि वायरमननं बिशपांच्या गळ्यात माईक इतका उत्तम लावला होता की तिचं बोलणं पार गल्लीत ऐकू गेलं. "वर गाणारे आहेत. मागे चहावाले आहेत. दारात तर ही गर्दी. मलाच काही काम नाही, म्हणून मी आपली बसलेय."

"तुम्हाला काम का नाही?"

"कुणी विचारलं तर ना!" आई म्हणाली. "माझाच मुलगा प्रमुख आहे या सगळ्याचा. तो बघा, खांबाला धरून उभा आहे. गावभर फिरला, जो भेटेल त्याला विचारलं. घरात आईला विचारलं नाही."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सज्जातून कुणीतरी खुसखुसलं. बिशपांनी मात्र हसू दाबायचा प्रयत्न सोडून दिला. चांगले खांदे हलवून हसले. "मग आजी, आज लोकांच्या वतीनं प्रार्थना तुम्ही मागा. येता वर?"

आई लगेच उठली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला, तर तिनं माझा हात बाजूला केला. "मी जाते. तू बस."

म्हणून मी बसलो. काय करणार? माझ्याकडची सगळी कामं लोकांनी काढून घेतली होती, आणि कुणीतरी बसायला हवंच होतं. तिसऱ्या बाकावर, एकटा.

"प्रभू तुम्हांबरोबर असो," बिशप म्हणाले.

"आणि तुमच्या आत्म्याबरोबरही!"

मी दचकून वर पाहिलं. उत्तर चारही बाजूंनी आलं होतं. सज्जातून, दारातून, खांबाआडून, मागच्या खोलीतून पातेल्यांच्या आवाजासकट, घंटेच्या दोराशी उभ्या असलेल्यांकडून. समोर बाकांवर माणूस नव्हता आणि भिंती दणाणत होत्या. इतकी वर्षं बाकांवर माणसं असताना असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

हेडमास्तरांनी असं खणखणीत वाचलं की ऐकत राहावं. मग आई पुढे आली. तिनं काठी टेकली आणि डोळे मिटले.

"प्रभू, आजाऱ्यांना बरं कर," ती म्हणाली. "ज्यांना कुणी नाही त्यांच्याकडे बघ. आणि हे चर्च इथेच राहू दे. मला तो पूल चढवत नाही, तुला माहीत आहे. तू ऐकशीलच, पण बिशपांनाही जरा सांग."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!" चारही बाजूंनी असा काही आवाज उठला की सज्जातल्या पोपडे आलेल्या भिंतीची धूळ खाली पडली.

बिशपांनी डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं की कशानं, मला माहीत नाही. शेवटच्या आशीर्वादाआधी ते म्हणाले, "मी लोक मोजायला आलो होतो. मोजता येत नाहीत, एका जागी कुणी बसतच नाही इथे. ही माणसं मी दुसरीकडे कुठे नेऊन ठेवणार? तुमचं चर्च इथेच राहील. फादरही राहतील."

कुठेतरी मागे भांडं पडलं. माझ्या बायकोनं पाडलं, ते मी आवाजावरून ओळखलं. टाळ्या, रडणं, हसणं, सगळं एकदमच सुरू झालं. माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला की मी बाकावर पुढे वाकून दोन्ही हातांत तोंड घेतलं. लाज वाटायचंही भान राहिलं नाही मला. सुटलो, एवढंच मनात येत होतं, सुटलो बाबा!

काठीचा टकटक आवाज आला. आई परत येत होती. "सरक जरा," म्हणून ती माझ्या शेजारी टेकली. तिला दम लागला होता, चेहरा मात्र फुलून गेला होता.

"राहिलं ना रे इथेच?"

"हो आई. इथेच राहिलं."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात वर शेवटचं गाणं सुरू झालं.

"चल, ऊठ आता," आई म्हणाली. आम्ही उठलो. अख्ख्या चर्चमध्ये बाकांशी उभे असे त्या दिवशी आम्ही दोघंच होतो.